लोकवनाच्या पोत्यातला वकील

घोडेगावच्या चौकात उभं राहिलं की नगर–संभाजीनगर रस्त्याची सगळी घाई समोरून वाहत असते. एका अंगाला शनिशिंगणापूरला वळणाऱ्या गाड्या, दुसऱ्या अंगाला कांद्याच्या गोण्यांनी टम्म फुगलेले टेम्पो. जनावरांचा बाजार असेल त्या दिवशी तर म्हशींना वाट देतच पुढे सरकायचं. इथल्या कांद्याच्या भावाकडे आसपासच्या तालुक्यांचं लक्ष असतं. पण आज कांदा बाजूला ठेवू. चौकातल्या कुठल्याही किराणा दुकानात शिरा आणि गहू मागा. दुकानदार विचारेल, "लोकवन देऊ का?"

लोकवन! महाराष्ट्रातल्या निम्म्या चपात्यांचं हे नाव. इतकं ओळखीचं की ते कुठून आलं हे विचारायचं कुणाला सुचतही नाही. वन कुठलं, लोक कोण? खरं तर इथे वन नाहीच. गुजरातेत भावनगरजवळ सणोसरा गावी लोकभारती नावाची शिक्षणसंस्था आहे. तिथे हे वाण निघालं, म्हणून त्याचं नाव पडलं 'लोक-1'. इंग्रजीतला 'वन' बाजारात फिरता फिरता मराठी झाला आणि गव्हाला जंगल चिकटलं!

पण खरी गंमत या गव्हाच्या आईबापांत आहे. एक एस-308, म्हणजे 'सोनालिका'. दुसरा एस-331, म्हणजे 'छोटी लेर्मा'. या दोघांच्या घराण्याचं मूळ थेट मेक्सिकोत. मेक्सिकोतल्या गव्हाचं पितृकुळ जपानात, आणि जपानातल्या त्या गव्हाची एक आजी पुन्हा अमेरिकेतली. म्हणजे घोडेगावात तव्यावर टम्म फुगलेल्या चपातीनं पृथ्वीला जवळजवळ प्रदक्षिणा घातलेली आहे.

या प्रदक्षिणेच्या शेवटच्या टप्प्यावर, दिल्लीत, शेतीखात्यातल्या दुसऱ्या नंबरच्या खुर्चीत एक माणूस बसला होता. शेतीशास्त्राची पदवी त्याच्याकडे नव्हती. तो होता आपल्याच नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा वकील. नाव अण्णासाहेब पांडुरंग शिंदे.

वकील आणि गहू? एकाचा दुसऱ्याशी संबंध काय?

थांबा, आधी श्रीरामपूर पाहू. घोडेगावातून तासाभराची वाट. आजही रेल्वेनं तिथे जायचं तर तिकीट बेलापूरचं काढावं लागतं, कारण स्टेशनचं नाव तेच राहिलंय. हे गाव म्हणजे पाण्यानं घडवलेलं गाव. इंग्रजांनी अकोले तालुक्याच्या डोंगरात भंडारदऱ्याला प्रवरा अडवली. 1926 साली धरण पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांतून पाणी खाली आलं. बाजरी-हुलग्याच्या मुलखात ऊस उभा राहिला. ऊस आला तशी साखर कारखाना काढणारी कंपनी आली, आणि कंपनीला हव्या होत्या जमिनी. शेतकऱ्यांनी त्या खंडानं दिल्या. कागदावर अंगठे उठले, वर्षं लोटली, आणि आपलीच जमीन आपल्याला परत मिळेना म्हणून लोक हैराण झाले. 'खंडकरी' हा शब्द या भागात अजूनही नुसता उच्चारला तरी जुनी माणसं सरसावून बसतात. त्या लढ्यातल्या काही जमिनी परत हातात पडायला एकविसावं शतक उजाडावं लागलं!

अशा गावात वकिली करायची म्हणजे काय करायचं? खंडाचे करार, 1948 चा कूळकायदा, बांधाचं भांडण, पाटाच्या पाण्याची पाळी. अशिलाचा सातबारा वाचायचा तर त्याची जमीन, विहीर, पीक आणि कर्ज, सगळंच वाचावं लागतं. कायद्याच्या पुस्तकात न सापडणारं शेतीचं अर्थशास्त्र तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात फुकट शिकायला मिळतं, फक्त कान उघडे हवेत.

अण्णासाहेबांचे कान आधीपासून उघडे होते. जन्म 21 जानेवारी 1922 चा, सिन्नर तालुक्यातल्या पाडळीचा. म्हणजे शेतकऱ्याचं घर आणि पावसाच्या भरवशाची जमीन. 1942 च्या चळवळीत तुरुंग झाला. मग कायद्याची पदवी, श्रीरामपुरातली वकिली, आणि राजकारण कम्युनिस्ट पक्षाचं. कोर्टात कोट, सभेत लाल झेंडा. आज हे विचित्र वाटेल, पण त्या पिढीत नगर-नाशिक भागातली कितीतरी तरुण डोकी याच वाटेनं गेली. पुढे यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचं राजकारण मांडलं, सहकारी कारखान्यांचं वारं सुरू झालं, आणि यातले बरेच जण काँग्रेसमध्ये आले. प्रवरेच्या काठीच लोणीजवळ 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा केला होता. डोळ्यांदेखत असं काही उभं राहिल्यावर माणूस नव्यानं विचार करू लागतो. 1962 साली अण्णासाहेब कोपरगाव मतदारसंघातून काँग्रेसचे खासदार म्हणून दिल्लीला गेले.

आता एक योगायोग ऐका. देशाच्या शेतीखात्यात त्याआधीची दहा वर्षं आणखी एक मराठी वकील होते. अमरावतीचे बॅरिस्टर डॉ. पंजाबराव देशमुख, 1952 ते 1962. त्यांच्याच हाताखाली वकिलीचे धडे गिरवलेले पुसदचे वसंतराव नाईक 1963 साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि संकरित ज्वारीच्या मागे हात धुऊन लागले. 1964 साली केंद्रात शेतीमंत्री झाले चिदंबरम सुब्रमण्यम. हेही कोइमतूरचे वकील! आणि त्यांच्या खात्यात होते श्रीरामपूरचे वकील.

देशाच्या भाकरीचा कारभार ज्याच्या-त्याच्याकडे गेला तो वकील कसा? निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येईल. मला तसं वाटत नाही, पण त्याकडे येऊच.

आधी त्या दिवसांतली भूक समजून घ्यायला हवी. 1965 साली पाऊस गेला. 1966 साली पुन्हा गेला. 1964-65 साली देशात 8 कोटी 90 लाख टनांच्या आसपास धान्य पिकलं होतं, ते पुढच्याच वर्षी 7 कोटी 20 लाखांच्या आसपास घसरलं. अमेरिकेच्या पीएल-480 योजनेखाली जहाजं भरभरून गहू येत होता. 1966 या एका वर्षात बाहेरून आणलेलं धान्य एक कोटी टनांच्या घरात गेलं. बंदरात जहाज लागलं की रेशनवर गहू, नाही लागलं की रांग. पाश्चात्त्य देशांत अशी पुस्तकं निघाली, ज्यांत भारताचं नाव 'आता वाचवता येणार नाही' अशा यादीत होतं. घोडेगावच्या पंचक्रोशीतली म्हातारी माणसं 'मिलो'चं नाव काढतात ना, ती तांबडी परदेशी ज्वारी, ती याच टंचाईच्या पर्वातली पाहुणी.

मग जास्त गहू का पिकवत नव्हते आपण? खत घाला, पाणी द्या, पीक वाढेल. इतकं सोपं?

इथेच पहिलं आश्चर्य आहे. खत घातलं की गहू वाढायचा खरा, पण वाढायचा उंच. आपले जुने गहू छातीला लागायचे. खताच्या जोरावर ते आणखी ताडमाड व्हायचे, ओंबी भरायची, आणि फाल्गुनातलं एखादं वारं आलं की अख्खं रान झोपायचं. शेतकरी म्हणतात, गहू लोळला. लोळलेल्या गव्हाचा दाणा पोचट, कापणी अवघड, उंदरांची चंगळ. म्हणजे जितकं खत घालाल तितकं नुकसान! हजारो वर्षांच्या शेतीनं गव्हाला उंच व्हायला शिकवलं होतं, कारण उंच गहू तणाला सावलीत टाकतो आणि त्याचं काड जनावरांना होतं. आता ती उंचीच आड आली.

हवा होता बुटका गहू. आणि तो होता जपानात.

1935 साली तिकडे 'नोरिन 10' नावाचं वाण तयार झालं होतं. दारुमा नावाचा जपानी बुटका गहू आणि अमेरिकेतून गेलेले गहू, यांच्या नात्यातून. उंची जेमतेम दोन फूट. दुसरं महायुद्ध संपलं, अमेरिकेचं सैन्य जपानात बसलं, आणि त्या सैन्याबरोबर आलेल्या सॅमन नावाच्या एका शेतीतज्ज्ञानं शेतात हा ठेंगू उभा असलेला पाहिला. 1946 साली त्यानं बी अमेरिकेला पाठवलं. तिथे शास्त्रज्ञ ओरविल व्होगेल यांनी ते स्थानिक गव्हाशी जुळवलं. त्यांच्याकडून चिमूटभर बी मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांना मिळालं. बोरलॉग तिथे वर्षाला दोन हंगाम घेत, एक समुद्रसपाटीजवळ, दुसरा डोंगरावर. दोन हवामानांत घासून निघालेला गहू तयार झाला, तांबेऱ्याला दाद न देणारा आणि कुठेही रुजणारा. लेर्मा रोहो, सोनोरा ही त्यातली नावं.

पण हा गहू बुटका का, हे मात्र तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं! उलगडा झाला 1999 साली, इंग्लंडमध्ये. झाडात जिबरेलिन नावाचं एक संप्रेरक असतं. ते कांड्यांना सांगत असतं, 'वाढा, वाढा.' साध्या गव्हात हा निरोप पोचला की वाढीला घातलेला ब्रेक सुटतो आणि कांडी लांबते. बुटक्या गव्हाच्या एका जनुकात बारीकसा बिघाड आहे. त्यामुळे त्याला हा निरोप नीट ऐकूच येत नाही. थोडक्यात, हा गहू कानानं मंद! वाढीचा हुकूम सुटतो, पण तो आपला ढिम्म. कांड्या लांबवण्यात जाणारी शिदोरी मग ओंबीकडे वळते. आणि कांडी आखूड म्हणून कितीही खत घाला, तो ताठ उभा. एका बहिऱ्या जनुकानं कोट्यवधी माणसांना जेवू घातलं.

(या जिबरेलिनचा शोधही जपानचाच. भाताच्या एका रोगात रोपं वेड्यासारखी उंच होऊन मरतात, त्याचं कारण शोधताना ते हाती लागलं. एकाच देशानं उंचीचं औषधही शोधावं आणि त्यावरचा उताराही पिकवावा, याला काय म्हणावं?)

दिल्लीच्या पुसा संस्थेत एम. एस. स्वामिनाथन यांनी या गव्हाचं मोल ओळखलं. बोरलॉग 1963 साली भारतात येऊन रानं पाहून गेले आणि त्या वर्षअखेर काही वाणांचं थोडं बी आलं, एकेका वाणाचं शंभर किलोंच्या आसपास. ते प्रयोगाच्या वाफ्यात पेरलं आणि पीक डोळ्यांत भरलं.

आता तुम्हाला वाटेल, झालं की काम. बी सापडलं, पेरायचं.

इथूनच वकिलांचं काम सुरू होतं. बी स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीनं कुणीतरी वकीलपत्र घ्यावं लागतं.

समोरच्या बाजूचे मुद्दे काही पोकळ नव्हते. अर्थखातं म्हणत होतं, परकीय चलनाची आधीच चणचण, त्यात बियाणं विकत घ्यायचं? नियोजन मंडळातल्या लोकांना कारखानदारी आधी हवी होती. काही शास्त्रज्ञांना धास्ती होती, सगळीकडे एकच वाण पेरलं आणि रोग पडला तर? डावे म्हणत, हे बी खत मागणार, खत पैसा मागणार, म्हणजे बागायतदार वर जाणार आणि कोरडवाहू शेतकरी तिथेच राहणार. अण्णासाहेबांना हा शेवटचा युक्तिवाद कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते स्वतः त्याच शाळेतून आले होते. विरुद्ध पक्षाची कैफियत आतून माहीत असलेला वकील म्हणजे अशिलाचं नशीबच.

आणि युक्तिवाद कुठे करायचा? संसदेत. लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास तुम्ही कधी बारकाईनं पाहिलाय? सकाळी अकराला सुरू. तारांकित प्रश्न असेल तर मंत्र्यानं उभं राहून उत्तर द्यायचं. लेखी उत्तर खात्यानं तयार करून दिलेलं असतं, ते कुणीही वाचेल. खरी परीक्षा त्यानंतरची. पुरवणी प्रश्न! ते आधी कळत नाहीत. बिहारचा सदस्य विचारतो खत का नाही पोचलं, पंजाबचा विचारतो भाव का कमी, केरळचा विचारतो तांदूळ कधी येणार. ही उलटतपासणीच आहे, फक्त इथे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात वकील उभा आहे. मंत्री नसेल तेव्हा, आणि असला तरी पुष्कळदा, हे उत्तर द्यायचं काम उपमंत्र्याचं किंवा राज्यमंत्र्याचं. साठ-सत्तरच्या दशकांतली लोकसभेची कार्यवाही चाळली तर अन्न आणि शेतीच्या प्रश्नांखाली एक नाव पुन्हा पुन्हा भेटतं, श्री. अण्णासाहेब शिंदे. आधी संसदीय सचिव म्हणून, नंतर उपमंत्री आणि पुढे राज्यमंत्री म्हणून.

बरं, युक्तिवाद एकाच कोर्टात जिंकून भागत नव्हतं. दुसरं कोर्ट होतं शेतकऱ्याचं, आणि ते जास्त कडक. वर्षाचं पोट पणाला लावून एखादं अनोळखी तांबडं बी कोण पेरणार? भाव पडला तर? म्हणून जानेवारी 1965 मध्ये दोन गोष्टी उभ्या राहिल्या. एक, पिकांचे भाव सुचवणारा कृषी मूल्य आयोग. दुसरी, धान्य विकत घेऊन साठवणारं अन्न महामंडळ. म्हणजे बी पेरण्याआधी हमी. श्रीरामपूरच्या खंडकऱ्याला विचारा, कराराच्या कागदावर हमी काय असते ते.

शिवाय नवं बी पेरायची रीतच वेगळी. जुना गहू ओलीसाठी खोल पेरायचे. हा ठेंगू खोल पेरला तर त्याचा कोंब वरच येत नाही. पुन्हा तेच बहिरं जनुक! म्हणून दोन इंचांवर पेरा. आणि पहिलं पाणी नेमकं 21 व्या दिवसाच्या आसपास, मुकुटमुळं फुटतात तेव्हा. आज नेवासा तालुक्यातला कुठलाही गहू करणारा शेतकरी हा एकविसावा दिवस तोंडपाठ सांगेल, जणू तो आजोबा-पणजोबांपासून चालत आलाय. तो आलाय या गव्हाबरोबर. पाणी पाळीनं येण्याची वाट पाहायची की पिकाच्या वेळेवर द्यायचं, हा प्रश्न कालव्याच्या मुलखातल्या वकिलाला नवा नव्हता.

हे शिकवायचं कसं? भाषणांनी नाही. राष्ट्रीय प्रात्यक्षिकं ठरली, आणि स्वामिनाथन यांचा आग्रह असा की ती बड्या बागायतदारांच्या नाही, छोट्या शेतकऱ्यांच्या रानात घ्यायची. श्रीमंताच्या रानात पीक आलं तर लोक म्हणतात पैशानं आलं. गरिबाच्या रानात आलं तर म्हणतात बियाण्यानं आलं. पुरावा असा हवा की समोरच्याला शंकेला जागा उरू नये! सुब्रमण्यम यांनी तर दिल्लीतल्या आपल्या सरकारी बंगल्याची हिरवळ खणून तिथे गहू पेरला. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं.

आणि 1965 ची ती सफर! मेक्सिकोहून पाकिस्तान आणि भारत, दोघांसाठी मिळून साडेचारशे टनांच्या आसपास बी निघालं. पस्तीस ट्रकांचा ताफा अमेरिकेच्या सरहद्दीवर अडकला. सुटला तो लॉस एंजेलिसच्या बंदराकडे निघाला, तर वॉट्स भागात दंगल पेटलेली, रस्ते बंद. त्यात पाकिस्तानकडून आलेल्या चेकमध्ये शब्दांच्या चुका निघाल्या. कसंबसं जहाज सुटलं, तर इकडे भारत-पाकिस्तान युद्ध सुरू! दोन शत्रूंचं बियाणं एकाच जहाजात शेजारी शेजारी झोपलेलं. पोचलं, पेरलं, तर उगवण कमी. गोदामात किडीसाठी दिलेला धूर जास्त झाला होता. मग काय, बी दुप्पट टाका. एवढं होऊनही पीक आधीच्या सगळ्यांपेक्षा सरस आलं.

पुढच्या वर्षी, 1966 मध्ये, भारतानं मेक्सिकोकडून 18,000 टन बियाणं आणलं. तोवर जगात एवढं बियाणं एका वेळी कुणी विकत घेतलं नव्हतं. हिशोब करा. हेक्टरी शंभर किलो धरलं तर 1 लाख 80 हजार हेक्टर. एवढं विकत घेण्यापेक्षा थोडं बी आणून इथेच वाढवलं असतं तर? वाढलं असतं! गहू एकाचे तीस सहज करतो. एका क्विंटलाचे पहिल्या हंगामात तीस, दुसऱ्यात नऊशे, तिसऱ्यात सत्तावीस हजार. सावकाराच्या चक्रवाढ व्याजालाही लाजवणारा हा दर. पण हंगाम वर्षातून एकदाच येतो. भुकेल्या देशाकडे तीन हंगाम नव्हते. भारतानं मेक्सिकोकडून बियाण्याबरोबर वेळही विकत घेतला.

तरी एक अडचण उरली, आणि ती स्वयंपाकघरातली. गव्हाचा रंग. मेक्सिकोचा गहू तांबडा, त्याची चपाती काळपट. आपल्याकडे बायका मूठभर गहू तळहातावर घेऊन उजेडात धरतात, त्यात तो कुठून पास होणार? बाजारात भाव कमी. मग पुसात शास्त्रज्ञांनी सोनोरावर गॅमा किरणांचा मारा करून त्याचा रंग पिवळसर सोनेरी करून घेतला. तो 'शरबती सोनोरा'. दुसरीकडे मेक्सिकोच्या मालातूनच निवडत निवडत सोनेरी दाण्याचे 'कल्याणसोना' आणि 'सोनालिका' पुढे आले. आणि सोनालिका, आठवतं ना, आपल्या लोकवनाच्या आईबापांपैकी एक.

1966-67 साली देशात गहू पिकला होता 1 कोटी 14 लाख टनांच्या आसपास. 1967-68 साली पिकला 1 कोटी 65 लाख! एका वर्षात! पंजाबात गोण्या कमी पडल्या, गाड्या कमी पडल्या, शाळांच्या खोल्या रिकाम्या करून त्यांत गहू भरला. 1968 साली पोस्टखात्यानं गहू क्रांतीचं तिकीट काढलं. 1970-71 पर्यंत आकडा 2 कोटी 38 लाखांवर गेला.

आणि ज्यांनी हा दावा चालवला ते सुब्रमण्यम हा निकाल लागला तेव्हा मंत्री नव्हते. 1967 च्या निवडणुकीत ते पडले! त्यांच्या जागी जगजीवनराम आले, मग फक्रुद्दीन अली अहमद, मग पुन्हा जगजीवनराम. खुर्चीवरचं नाव बदलत राहिलं. शेजारच्या, थोड्या खालच्या खुर्चीवरचं नाव 1977 पर्यंत तेच होतं. मंत्री बदलला की फाईल सुरुवातीपासून वाचली जाते, जुन्या निर्णयांना नव्या शंका फुटतात. अशा वेळी खात्यात एक माणूस असा लागतो ज्याला प्रत्येक तारखेला काय झालं ते आठवतं. कोर्टात ज्येष्ठ वकील येऊन युक्तिवाद करून जातो, पण वर्षानुवर्षं तारखा सांभाळणारा, कागद न हरवू देणारा तालुक्याचा वकीलच असतो. दावे त्याच्यामुळे टिकतात. इतिहासाच्या पुस्तकांत अण्णासाहेबांना एखादी ओळ मिळते किंवा तीही मिळत नाही. मला ते फारसं खटकत नाही, कारण दुसऱ्या खुर्चीचं कामच तसं आहे.

1971 साली ते नगर मतदारसंघातून निवडून आले, आणि लगेच 1972 चा दुष्काळ पडला. नगर जिल्ह्यानं तेव्हा काय सोसलं ते सांगायला नको. खडी फोडायची कामं, सुकडी, छावण्या. विहिरी कोरड्या, बैल विकलेले. तरी 1943 च्या बंगालच्या दुष्काळासारखी माणसं पटापट मेली नाहीत. सरकारी कामांवर मजुरी होती आणि गोदामांत दाणा होता. पाच-सहा वर्षांपूर्वी इथे एवढा मोठा दुष्काळ पडला असता तर? हा विचार करून बघा, अंगावर काटा येतो. त्याच सुमारास राहुरीजवळ मुळा धरण पुरं होत होतं. त्याचा उजवा कालवा नेवाशाच्या दिशेनं आला आणि जिरायती रानांत गव्हाला जागा झाली. राहुरीलाच शेती विद्यापीठ उभं राहिलं.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे. पंजाबातलं भूजल खोल गेलं, खतांनी जमिनी थकल्या, खपली आणि बन्सी हे आपले जुने गहू मागे पडले, आणि कोरडवाहू शेतकरी मागे राहण्याची डाव्यांची भीती बऱ्याच अंशी खरी ठरली. हा दावा अजून निकाली निघालेला नाही. पण 1966 साली पुढचं जहाज कधी येतंय याकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला हे ऐकवून बघा.

1977 साली काँग्रेसची केंद्रातली सत्ता गेली, तरी अण्णासाहेब नगरमधून निवडून आले. मंत्रिपद मात्र गेलं. 1993 साली ते वारले.

फेब्रुवारीत घोडेगावच्या पुढे कुठेही गाडी थांबवा. एका बाजूला कांद्याच्या हिरव्या पाती, दुसऱ्या बाजूला ओंबीवर आलेला गहू. रानात उतरून त्याच्याशेजारी उभे राहा. तो कमरेपर्यंत येतो. तुमच्या आजोबांच्या छातीला लागायचा. दुपारी शिंगणापूरच्या बाजूनं वारं सुटतं, अख्खं रान एका अंगाला कलतं, पुन्हा ताठ होतं. आत कुठेतरी जिबरेलिन अजूनही हुकूम सोडत असतं, आणि गव्हाला तो अजूनही ऐकू येत नसतो.